पत्र्यावरचा पाऊस आणि अडीचची जाग

ताई,

मी चिपळूणची, वय ४७. बाजारपेठेत आमचं शिवणसाहित्याचं दुकान आहे. अस्तर, लेस, बटणं, रिळं, हुक असलं सगळं. २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकान गेलंच, पण त्या दिवशी मी, मिस्टर आणि सासूबाई घराच्या माळ्यावर अडकलो होतो. पहाटे पाणी जिन्यात शिरलं तेव्हापासून दुसऱ्या दिवशी होडी येईपर्यंत. सासूबाईंना चक्कर येत होती, त्या पाण्यात जातील या भीतीने मी उजव्या हाताने त्यांचा दंड धरून ठेवला होता. सगळा वेळ.

त्यानंतर वर्षभर मला काही झालं नाही. चिखल उपसला, दुकान उभं केलं, कर्जाचे कागद केले. सगळे म्हणायचे, बाई खमकी आहे. सुरू झालं ते पुढच्या पावसाळ्यापासून. रात्री पत्र्यावर मोठी सर कोसळली की अडीचच्या सुमाराला खाडकन जाग येते. छाती धडधडते, पाय गार पडतात, जबडा असा आवळलेला असतो की सकाळी दात दुखतात. बॅटरी घेऊन जिन्याखाली बघून येते. पाणी नसतं. अर्ध्या तासाने परत जाते. उजवा खांदा तर कायमच धरलेला. ईसीजी काढला, थायरॉइड केलं, दोन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मिस्टर म्हणतात, इतकी वर्षं झाली, सोड ना आता. सासूबाई काहीच बोलत नाहीत. त्या मात्र तेव्हापासून खाटेवर आडव्या होत नाहीत, आरामखुर्चीत बसूनच झोपतात.

पुण्याची भाची म्हणते, “मावशी, हा ट्रॉमा आहे, मनावरचा आघात. तो शरीरात साठतो, नुसतं बोलून जात नाही.” तिने एका शिबिराची जाहिरात पाठवली आहे. दोन दिवस, १८,००० रुपये. ‘वर्षानुवर्षं साठलेला ट्रॉमा गाळासारखा उपसून काढू’ असं त्यात लिहिलंय. व्हिडिओत माणसं थरथर कापतात, रडतात आणि मग हसतात. तो बघून मी घरी एकटीनेच तसं अंग हलवून बघितलं, जोरजोरात श्वास घेतला. पाच मिनिटांत हातापायांना मुंग्या आल्या, घशात गोळा अडकला आणि पुढच्या दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

हे खरं असतं का? जाऊ का शिबिराला? पाऊस तोंडावर आलाय.

— एक चिपळूणकर

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण नाव नोंदवायची तारीख बहुधा जवळ आली असेल. या शिबिराला जाऊ नका. १८,००० रुपये वाचतील म्हणून म्हणत नाही. पाच मिनिटांच्या प्रयोगाने तुमच्या दोन रात्री खाल्ल्या. हा डोस झेपत नाही, असं शरीराने यापेक्षा स्वच्छ शब्दांत काय सांगायचं? तोच डोस दोन दिवस, अनोळखी माणसांच्या घोळक्यात, घरापासून लांब घेऊन तो गुणकारी कसा होईल?

त्या मुंग्यांचंही सांगून टाकते. असे व्हिडिओ त्याला ‘ऊर्जा मोकळी होणं’ म्हणतात. भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि हातपाय, ओठांच्या कडा मुंग्यांनी भरून जातात. घशात आवळल्यासारखं होतं, डोकं हलकं होतं. हे कुणालाही होईल, पूर न बघितलेल्यालाही. तुमचं काही बिघडलं नाही आणि काही बाहेरही पडलं नाही.

आता भाचीचं म्हणणं. ते निम्मं बरोबर आहे आणि बरोबर असलेलं निम्मं फार महत्त्वाचं आहे, म्हणून तिच्यावर रागावू नका. निदान “टेन्शन घेऊ नका” यापेक्षा तिने पुढचं काही सांगितलं. (टेन्शन कुणी ‘घेतं’ असं समजणाऱ्या डॉक्टरांना एकदा रात्री अडीच वाजता फोन करावा असं माझ्या फार मनात येतं.)

संकटात शरीर काय करतं याला ‘लढा किंवा पळा’ हे नाव दिलं वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने, १९१५ च्या सुमारास. मूत्रपिंडांवरच्या इवल्याशा ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, काळीज जोरात पंप करू लागतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं आणि हातापायांची कातडी गार पडते. तुमचे गार पाय ते हेच. पण माळ्यावर तुम्ही लढणार कुणाशी आणि पळणार कुठे? जिन्यात पाणी, वर पत्रा. तिथे एकच काम शक्य होतं, हलायचं नाही आणि दंड सोडायचा नाही. तुमच्या शरीराने ते इतकं चोख केलं की सासूबाई आज आरामखुर्चीत का होईना, आहेत.

अशा वेळी मेंदू जे शिकतो ते पाटीवर लिहून शिकत नाही. पत्र्यावरचा आवाज, अंधार, ओल्या भिंतीचा वास आणि जीव जाण्याची भीती यांची त्याने एक मोळी बांधून ठेवली आहे. त्यातली एक काडी ओढली की सगळी मोळी येते. हे काम मेंदूच्या ज्या भागात चालतं त्याला तारीख-वार कळत नाही. म्हणून “इतकी वर्षं झाली” हे मिस्टरांचं वाक्य कानातून आत जातं, पण जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाही. वर्षभर काही न होणं हेही आम्ही पुष्कळदा बघतो. चिखल उपसताना घाबरायला कुणाला फुरसत असते? सगळं जागेवर आलं, दुकानाचं शटर सुरळीत वरखाली व्हायला लागलं, की मग शरीर आपली थकबाकी मागतं. पत्रावरून निदान करणं मला शोभणार नाही. पण आपत्तीनंतरच्या ज्या आजाराला पीटीएसडी म्हणतात, तो महिन्यांनी उशिरा उमटू शकतो आणि तुमची लक्षणं त्या दिशेने बोट दाखवतात. त्यामुळे हे कुणीतरी समोर बसून नीट तपासायला हवं.

मग भाची चुकली कुठे? ‘साठतो’ या शब्दात. जाहिरातवाल्यांनी शब्द मोठा हुशारीने निवडलाय. चिपळूणकरांना गाळ म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून तुमच्या गावाने उपोषणं केली. तो गाळ मोजता येतो, डंपरमध्ये भरता येतो, जितका जास्त काढाल तितकं नदीचं पात्र मोकळं. ट्रॉमाचं तसं नाही. तुमच्या खांद्याच्या स्नायूत २२ जुलै कुठे साठून बसलेली नाही. जे आहे ते तुमच्या मज्जासंस्थेने शिकलेलं उत्तर आहे: सर आली की उठ, आवळ, धर. आणि हा नुसता शब्दांचा कीस नाही. गाळ मानला तर जितकं रडाल, कापाल, ओरडाल तितकं चांगलं. शिकलेलं उत्तर मानलं तर उलट होतं. एकदम सगळा पूर अंगावर घेतलात तर शरीर त्याच धड्याची पुन्हा उजळणी करतं. ‘बघ, अजून धोका आहेच.’ तुमच्या त्या दोन रात्री म्हणजे ही उजळणीच होती.

शरीराच्या अंगाने ट्रॉमावर काम करणाऱ्या पद्धतींमध्ये बरंच नाव झालंय ते सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंगचं. अमेरिकेत पीटर लेव्हिन यांनी ती १९७० च्या दशकापासून घडवत नेली. त्यांच्या पद्धतीत एक शब्द आहे, टायट्रेशन. मी बारावीला सायन्सला होते, त्यामुळे हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला थेट कॉलेजची प्रयोगशाळाच दिसली. ब्युरेटमधून खालच्या चंचुपात्रात थेंब थेंब सोडायचा आणि पात्र हलवत राहायचं. फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. घाई केली, एक थेंब जास्त पडला, की सगळं भडक गुलाबी. मग ओतून द्या आणि पुन्हा पहिल्यापासून. आमच्या बॅचचा निम्मा वेळ त्यातच गेला. ट्रॉमाच्या कामात नेमकं हेच. त्या रात्रीचा एक थेंब घ्यायचा, शरीरात काय होतंय ते बघायचं, लगेच सुरक्षित जागी परत यायचं. जरा स्थिरावल्यावर पुढचा थेंब. झोक्यासारखं जायचं आणि यायचं. जे शिबीर दोन दिवसांत सगळी ब्युरेट एकदम ओतायचं म्हणतं, ते लेव्हिन यांचं नाव जरी घेत असलं तरी त्यांची पद्धत वापरत नाही.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यशाळेला मी शिकायला म्हणून गेले होते. मोठा हॉल, पन्नासएक माणसं, स्पीकरवर ढोल आणि माइकवरून “सोडा, सगळं सोडा” असा आवाज. माझ्या शेजारची बाई आधी हुंदके देत होती, मग एकदम गप्प झाली. डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हती. हाताला हात लावला तर गार. मार्गदर्शक जवळून गेले आणि म्हणाले, “सुंदर, रिलीज होतंय.” रिलीज कसलं, ती बाई तिथून निघून गेली होती, शरीर तेवढं सतरंजीवर ठेवून. मी तिला बाहेर पायरीवर आणून बसवलं. पाण्याचा ग्लास तिच्या दोन्ही हातांत दिला आणि समोर कसलं झाड आहे ते विचारलं. तीनदा विचारलं, उत्तर नाही. चौथ्यांदा म्हणाली, “शेवगा.” त्या दिवसाचा खरा उपचार काही असेल तर तो शेवगा.

मग पुरावा कशाला आहे, हा रास्त प्रश्न. सगळ्यात भक्कम पुरावा ट्रॉमासाठी खास बेतलेल्या बोलण्याच्या उपचारांना आहे, आणि ईएमडीआरला. ईएमडीआरमध्ये नजर डावी-उजवीकडे फिरवत त्या आठवणीला थोडंथोडं सामोरं जायचं असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांना हे १९८७ साली बागेत फिरताना सुचलं म्हणतात. डोळे फिरवल्याने नेमकं काय होतं यावर तज्ज्ञ अजून भांडतायत, पण उपचार लागू पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी या दोन्हींची शिफारस केली. म्हणजे ‘बोलून जात नाही’ हे भाचीचं वाक्यही अर्धवटच. नुसत्या गप्पांनी जात नाही, पद्धतशीर बोलण्याने पुष्कळांचं जातं. सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंगचा पुरावा आशादायक आहे, पण लहान. इस्रायलमध्ये ६३ जणांवर झालेला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक नीट आखलेला अभ्यास आहे. त्यात आठवड्याला एक अशा १५ बैठका दिल्या होत्या. आकडा लक्षात ठेवा, १५ आठवडे. शनिवार-रविवार नाही.

योगाचाही एक चांगला अभ्यास आहे. ट्रॉमावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. जुना, औषधोपचारांना दाद न देणारा पीटीएसडी असलेल्या ६४ स्त्रिया, दहा आठवडे. योग करणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त, ५२ टक्के जणी शेवटी त्या निदानात बसत नव्हत्या. ज्यांना नुसती आरोग्याची माहिती दिली त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होतं. हे वाचून तुम्ही उद्या सकाळी गल्लीतल्या योगवर्गात जाल म्हणून लगेच सांगते, तो योग आपल्याकडच्या वर्गांपेक्षा निराळा होता. तिथे कुणी मागून येऊन पाठ दाबत नाही. ‘डोळे मिटा’ म्हणत नाहीत, ‘वाटलं तर मिटा’ म्हणतात. हात किती उचलायचा ते जिचा हात तिने ठरवायचं. गंमत वाटेल, पण सगळी मेख इथेच आहे. ज्या शरीराला त्या रात्री निवडच नव्हती, त्याला पुन्हा निवडायची सवय लावायची. आमच्याकडचे गुरुजी शवासनात डोळे मिटायला लावून वर कुंभक करायला सांगतात. तुमच्यासारखीला अंधार आणि रोखलेला श्वास हे दोन्ही एकदम नकोत. जायचंच तर सरांना आधी सांगा, मी डोळे उघडे ठेवीन आणि श्वास रोखणार नाही. त्यांना राग आला तर वर्ग बदला.

आता खांदा. इथे माझी थोडी वेगळी चाल आहे. दंड धरून ठेवलेल्या हाताची गोष्ट इतकी जुळते की कुठलाही ट्रॉमावाला त्यावर तासभर बोलेल. मीही बोलले असते. पण तुम्ही ४७ च्या आहात आणि या वयात बायकांना फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडून जाणं, सर्रास होतो, साखर वाढलेली असेल तर जास्तच. एक साधी परीक्षा करा. उजवा हात मागे नेऊन ब्लाउजचा हुक लावता येतो का? तुमच्या दुकानात दिवसाला शेकडो हुक विकले जात असतील, एक स्वतःसाठी वापरून बघा. हात अर्ध्यात अडकत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि साखर तपासा, पत्रात तिचा उल्लेख नाही. मासिक पाळीचं काय चाललंय तेही बघा. पाळी जायच्या काळात रात्री घाम फुटून, धडधडून जाग येते. सगळं पुराच्या खात्यावर टाकू नका, काही हिशेब दुसरीकडचे असू शकतात. आणि ईसीजी एकदा नॉर्मल आला म्हणून पुढे कधी छातीत दुखलं, ते हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर ‘हा तर ट्रॉमा’ म्हणून घरी बसायचं नाही.

चांगल्या बैठकीत नेमकं काय होतं ते थोडं सांगते, म्हणजे तुलना करता येईल. समोरची व्यक्ती पहिले दोन-तीन आठवडे तुम्हाला पुराबद्दल फारसं विचारणारच नाही. खुर्ची कशी वाटतेय, पाय जमिनीला टेकतायत का, खोलीत नजरेला काय बरं वाटतं, असं काहीतरी फुटकळ विचारेल. तुम्हाला वाटेल, याचे पैसे देतेय मी? मग कधीतरी तुम्ही म्हणाल, “पाणी तिसऱ्या पायरीला होतं तेव्हा…” आणि ती तिथेच थांबवेल. “आत्ता, हे म्हणताना, हाताला काय होतंय?” तुम्ही बघाल तर मूठ वळलेली. ती म्हणेल, वळू दे, आणखी हळू वळव. आता किती हळू उघडता येईल? एक बोट, मग दुसरं. कधी हात थरथरेल, कधी जांभई येईल, कधी काहीही होणार नाही. त्या दिवशी एवढंच. बाहेरून बघणाऱ्याला हे अतिशय कंटाळवाणं वाटेल, याचा व्हिडिओ कुणी बनवणार नाही.

असं माणूस शोधायचं कुठे? आपल्याकडे ‘थेरपिस्ट’ अशी पाटी कुणीही लावू शकतं, ही मोठी अडचण आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक बेधडक विचारा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदवी घेतलेले डॉक्टर. ट्रॉमाचं, शरीराचं प्रशिक्षण हे यावर चढवलेलं हवं, याऐवजी नको. पहिल्या फोनवर विचारा, “मी मध्येच बधिर झाले तर तुम्ही काय कराल?” ज्याला कामाची माहिती आहे तो या प्रश्नावर खूश होईल. अंगाला हात लावणार का, तेही विचारून घ्या. विचारल्याशिवाय नाही, आणि नको म्हटलं की नाही, एवढंच उत्तर चालेल. चिपळूणला कुणी मिळालं नाही तर पुण्या-मुंबईतल्या तज्ज्ञांशी व्हिडिओवर बोलता येतं. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण म्हणून दाखवता येतं. त्या इमारतीबद्दल कोकणात काय काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. पण तिथे बाहेरच्या बाहेर तपासून जाणारे पुष्कळ असतात आणि खर्च शिबिराच्या पासंगालाही पुरत नाही. डॉक्टरांनी झोपेसाठी किंवा धडधडीसाठी काही दिवस गोळ्या दिल्या तर घ्या, त्याने शरीराच्या कामाला बाध येत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. अडीच वाजता लावला तरी चालतो. आणि कधी जगणंच नको वाटलं तर सकाळची वाट न बघता लावायचाच.

तोवर हा जून-जुलै काढायचाय.

रात्रीचं काम दिवसा सुरू करा. दुपारी दोन-तीनच्या दरम्यान दुकानात गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा पाय चपलेतून काढून फरशीवर टेकवा आणि रिळांच्या कप्प्यांकडे बघा. घाई नाही. एकाच रंगाच्या किती छटा आहेत, राणी कुठे संपतो आणि डाळिंबी कुठे सुरू होतो. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे. बटणांच्या डब्यात हात घालून न बघता चार भोकांची वेगळी काढा. मध्ये आपोआप एखादा मोठा श्वास सुटेल, सुटू दे. हा टाइमपास वाटेल, पण ‘आत्ता इथे काय आहे’ हे शरीराला डोळ्यांनी आणि बोटांनी सांगण्याची ही तालीम आहे. रात्री नवीन काही शिकता येत नाही, शिकलेलं तेवढं वापरता येतं.

वळवाची पहिली सर दिवसा आली तर पडवीत उभ्या राहा, चहाचा कप हातात घेऊन, डोळे उघडे ठेवून. पत्र्याचा आवाज ऐका, पागोळ्या कुठे पडतायत ते बघा. दोन मिनिटं. मग बरं वाटत असलं तरी आत या. बरं वाटत असताना आत येणं, हा तो थेंब.

अडीचला जाग आली तर जिन्याशी जायची मनाई नाही. पूर हा तुमच्या कल्पनेतला राक्षस नाही. २००५ ला आला होता, २०२१ ला आला, परत येऊ शकतो. जी थेरपी तुमच्या शरीराला ‘आता कधीच काही होणार नाही’ असं पटवायला बघते ती खोटं बोलते आणि शरीराला ते कळतं. तेव्हा जा. पण बॅटरीच्या झोतात बघून येऊ नका, कारण झोत फिरतो तेवढंच दिसतं आणि उरलेल्या अंधारात पाणी तसंच राहतं. दिवा लावा, कठडा धरून एकेक पायरी उतरा, खाली बसा आणि शेवटच्या पायरीवर तळहात टेकवा. कोरडी आहे. मोठ्याने म्हणा, कोरडी आहे, आणि आजची तारीख, साल सांगा. वर आल्यावर लगेच आडव्या होऊ नका. बसून श्वास सोडताना लांबवा. घेण्याकडे लक्षच नको, सोडणं लांबलं पाहिजे. श्वास सोडताना काळजाचे ठोके जरा मंदावतात, ही शरीराची जन्मजात सोय आहे. नुसता श्वास सोडायला जमत नसेल तर ओठ मिटून एखाद्या भजनाची चाल गुणगुणा, गुणगुणताना श्वास आपसूक लांब सुटतो.

दुसऱ्यांदा जावंसं वाटलं तर एकट्या जाऊ नका, मिस्टरांना उठवा. ते कुरकुरतील. त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या.

भाऊ, “सोड ना आता” हे तुम्ही मायेने म्हणता, हे मला मान्य आहे. पण त्या रात्री ताईंनी सोडलं नाही म्हणून तुमची आई वाचली. शरीराला ‘सोड’ म्हणून सोडता येत नाही, दुसऱ्या कुणीतरी धरलं की सोडता येतं. मोठ्या पावसाच्या रात्री पाळ्या लावा. अकरा वाजता दोघांनी मिळून नदीच्या पातळीची बातमी बघायची, महत्त्वाचे कागद आणि औषधं माळ्यावर आहेत याची खात्री करायची आणि मग तुम्ही म्हणायचं, “आज जागायची पाळी माझी. पाणी आलं तर मी उठवीन.” आणि खरंच जागायचं, निदान तीनपर्यंत. मोबाइल बघत जागलात तरी चालेल. ताई झोपल्या नाहीत तरी पडून राहतील, आणि पहिल्या पावसाळ्यात एवढंच पुरे.

ताई, भाचीला सांगा की शिबीर रद्द, पण तिने कळकळीने पाठवलं याबद्दल मावशी तिच्यावर खूश आहे. पुढच्या खेपेला आली की तिला त्या पैशांत बसतील तेवढ्या बैठकांचा हिशेब करायला बसवा.

आणि सासूबाई. पत्रात त्या अर्ध्या वाक्यात येऊन गेल्या, पण खाटेवर आडव्या न होणारं ते म्हातारं शरीरही त्याच माळ्यावर होतं. त्यांच्या दंडाला तुमची बोटं अजून आठवत असतील. एखाद्या दुपारी, लख्ख ऊन असताना, पाऊस लागायच्या आत, त्यांच्या शेजारी बसून विचारा, “तेव्हा मी फार घट्ट धरलं होतं का हो?” उत्तर आलं तर ऐका. नाही आलं तर खुर्चीत त्यांच्या पाठीशी आणखी एक उशी द्या आणि चहा टाका.